लग्नाचं सोडा, बदलीचं विचारा

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या किनारपट्टीत आमचा छोटा वृद्धाश्रम आहे. इथे ज्यांची माणसं राहतात ते नातेवाईक पहिल्या भेटीत गप्प असतात, पण एकदा ओळख झाली की प्रश्न येतोच. आज्या सरळ विचारतात, "गे बाय, लगीन कित्याक नाय केलंस?" शिकलेली माणसं आडवळणाने येतात. "घरच्यांनी कशी काय परवानगी दिली?" म्हणजे तेच. मी सिस्टर आहे, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनी. सिस्टर म्हटलं की लोकांच्या मनात पहिलं येतं ते न केलेलं लग्न, आणि बहुतेकांचं कुतूहल तिथेच संपतं.

त्याबद्दल तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत उशीत तोंड खुपसून रडले ती कारणं वेगळी होती. आम्ही तीन व्रतं घेतो: ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. बाहेरचे पहिल्याबद्दल विचारतात. आतल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ती तिसऱ्याबद्दल बोलेल. आणि कुठल्याच व्रताच्या यादीत नसलेल्या एका गोष्टीबद्दल बोलेल, ती म्हणजे आपण न निवडलेल्या चार बायकांबरोबर एका छपराखाली राहणं.

धर्मभगिनी होणं ही एका रात्रीत घडणारी गोष्ट आहे असा समज दिसतो. देवाने हाक मारली, मुलगी उठली आणि निघाली. प्रत्यक्षात हे प्रकरण गृहकर्जापेक्षा लांबलचक असतं आणि कागदही जास्त लागतात.

मी वसईची, निर्मळच्या बाजूची. आमची वाडी होती: केळी, थोडी पानवेल, विहीर. घरात कादोडी बोलली जायची, शाळेत मराठी, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मराठी. ख्रिस्ती बाई इतकं मराठी कसं बोलते याचं आश्चर्य मला इथेही दाखवलं जातं. मग मी सांगते की 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्याच तालुक्यातले. वसईची पोरं आणखी एक नाव ऐकत मोठी होतात, संत गोन्सालो गार्सियांचं. वसईत जन्मले, 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारले गेले, 1862 साली त्यांना संतपद मिळालं. दर वर्षी त्यांच्या सणाला आम्हाला ही गोष्ट सांगत. मला नागासाकीला जायचं नव्हतं. मला पाठीच्या जखमा धुवायला शिकायचं होतं.

झालं असं, की मी दहावीत असताना आजी अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा झाल्या, वास यायला लागला, आणि घरातली मोठी माणसं खोलीत कमी जायला लागली. जवळच्या कॉन्व्हेंटमधून एक सिस्टर यायची. देवाबिवाबद्दल काही बोलायची नाही. गरम पाणी मागायची, जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं मागायची, आजीला कुशीवर वळवायची आणि काम करताना तिच्याशी केळीच्या भावाबद्दल गप्पा मारायची. खोलीत तिच्या चेहऱ्यावर काहीच बदलायचं नाही. हे मला यायला हवं, असं वाटलं. याला चर्चच्या भाषेत पाचारण म्हणतात हे फार नंतर कळलं. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही.

बारावीनंतर एका शिबिराला गेले. मग कागद सुरू झाले. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, फादरांचं पत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका. त्यानंतर सुपिरिअर सिस्टर स्वतः घरी आल्या. चहा घेता घेता त्यांनी विचारलेले प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटले. कोणी जबरदस्ती करतंय का? कुठे लग्न ठरलंय का? मुलीच्या डोक्यावर कर्ज आहे का? वडील म्हणाले, "कर्ज आहे, पण माझ्या डोक्यावर, सोसायटीचं." सगळे हसले. पुढे कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकताना कळलं की हे प्रश्न कायद्यातलेच आहेत. दडपणाखाली आलेली, विवाहबंधनात असलेली किंवा फेडता येणार नाही असं कर्ज असलेली व्यक्ती घेता येत नाही. सतरा वर्षं पुरी झाल्याशिवाय नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणात, प्रवेश नाही. आई त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आत्या म्हणाली, "चार दिवसांत येईल परत."

पहिला टप्पा कॅन्डिडेटचा, म्हणजे उमेदवारीचा, मग पोस्टुलंट, म्हणजे नॉव्हिशिएटआधीची तयारी. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भांडी, बाग, इंग्रजी, बायबल, पाचची घंटा. झारखंडच्या मुली, केरळच्या, कारवारकडच्या, आम्ही दोघी वसईच्या. एकमेकींशी बोलायला मोडकं इंग्रजी. झारखंडच्या मुलीला बोंबलाचा वास सहन होत नसे आणि आम्हाला तिचं मोहरीचं तेल. धर्मजीवनाचे पहिले धडे मी चॅपेलमध्ये नाही, फोडणीच्या धुरात गिरवले.

खरी सुरुवात नॉव्हिशिएटची. आमचं नॉव्हिशिएट घाटावर होतं, आणि समुद्राचा वारा नसलेली ती हवाच मला पहिल्यांदा टोचली. कायद्याने निदान बारा महिने तिथेच राहायचं असतं. आमच्यासारख्या बऱ्याच संस्थांत दोन वर्षं. दोनच्या पुढे मात्र, शंका उरली तर, जास्तीत जास्त सहा महिनेच लांबवता येतं. त्या बारा महिन्यांत कॉलेज नाही, नोकरी नाही, बाहेरचं सेवाकार्य जवळजवळ नाही. संस्थेचं संविधान, बायबलमधली स्तोत्रं, चर्चचा इतिहास, प्रार्थना, मौन. सलग किंवा तुकड्यातुकड्याने तीन महिन्यांहून जास्त गैरहजर राहिलात तर नॉव्हिशिएटच बाद. पंधरा दिवसांहून जास्त झाले तर तेवढे दिवस भरून काढायचे.

हा हिशेब मला तोंडपाठ आहे, कारण आजी त्याच वर्षी गेली. मला जेमतेम दफनापुरतं पाठवलं. आईला वाटत होतं मी सातव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीपर्यंत, थांबावं. आमचं प्रशिक्षण बघणाऱ्या सिस्टर, नॉव्हिस मिस्ट्रेस, नाही म्हणाल्या. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले, आणि देवापेक्षा त्यांच्यावरच जास्त चिडलेली होते. आज मी स्वतः तरुण सिस्टरांच्या प्रशिक्षणात थोडाफार हात देते. कायदा का आहे ते समजतं. घरची ओढ सुटायला सलग काळ लागतो. पण कायद्यात पंधरा दिवसांची मोकळीक होती, आणि सातव्या दिवसाला ती पुरली असती. मी त्या जागी असते तर पाठवलं असतं.

प्रार्थनेबद्दल लोकांच्या कल्पना फार सुंदर असतात. सकाळी अर्धा तास मनन, आणि त्या अर्ध्या तासात देव दिसत नाही, घड्याळ दिसतं. झोप येते. मिस्ट्रेस म्हणायच्या, "झोप आली तर उभी राहा. उभ्यानेही आली तर देवाला सांग, आज एवढंच आहे." हे त्यांचं वाक्य मला आजही उपयोगी पडतं. दिवसाला ठराविक वेळी स्तोत्रं म्हणायची: सकाळी, संध्याकाळी, झोपण्याआधी. घरी आम्ही रोज जपमाळ म्हणायचो, त्यामुळे प्रार्थना म्हणजे गोड, मंद काहीतरी अशी सवय होती. स्तोत्रांत मात्र राग आहे, शिव्याशाप आहेत, "किती काळ मला विसरणार?" असा देवालाच जाब आहे. शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत 88 वं स्तोत्र येतं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वाटलं, पुढचं पान फाटलंय.

दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण. आज कुठे चिडले, कोणाला टाळलं, काय लपवलं. आमच्याकडच्या वृद्ध सिस्टर सांगतात, त्यांच्या काळी सगळ्यांसमोर गुडघे टेकून आपल्या चुका मोठ्याने सांगाव्या लागत: "मी आज कप फोडला, मी घंटेला उशिरा आले." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या सभेत, 1965 साली धर्मजीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश आला आणि हळूहळू बरंच बदललं. काही संस्थांत झगे जाऊन साड्या आल्या, आपापल्या भाषा आल्या, चुका सांगण्याचा तो प्रकार गेला. एका सिस्टरला मात्र तो बरा वाटायचा. "तेव्हा कप फोडल्याचं सगळ्यांना कळायचं आणि विषय मिटायचा. आता तुम्ही महिनाभर मनात ठेवता." यात तथ्य आहे.

दारिद्र्याचं व्रत पुस्तकात भव्य वाटतं. नॉव्हिशिएटमध्ये ते चपलेचा अंगठा तुटल्यावर कळतं. नवी चप्पल मागायची, का हवी ते सांगायचं, आधी शिवून बघितली का हे ऐकून घ्यायचं. वीस वर्षांच्या, बारावी झालेल्या मुलीला साबण मागताना किती लाज वाटते, हे सांगून कळणार नाही. घरी आम्ही श्रीमंत नव्हतो, पण साबण मागावा लागत नव्हता.

पहिली व्रतं एका वर्षाची. क्रूस मिळतो, साडी मिळते, आणि त्याआधी एक कागद करावा लागतो. आपल्या नावावर जे काही असेल त्याची व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवायची. मालकी राहते, कारभार सुटतो. माझ्या नावावर तेव्हा पोस्टातलं एक बचत खातं होतं, आईने नेवऱ्या आणि सुकेळी विकून भरलेलं. ते भावाकडे गेलं.

त्यानंतर व्रतं पुन्हा पुन्हा ठराविक मुदतीची घ्यायची. कायद्याने निदान तीन वर्षं, साधारण सहापर्यंत, फारच गरज पडली तर नऊपर्यंत. ही वर्षं दोघांसाठी असतात: संस्था तुम्हाला बघते, तुम्ही संस्थेला. मुदत संपली की घरी जाण्यात कसलीच नाचक्की नाही. आमच्या बॅचमधल्या निम्म्याहून जास्त गेल्या. त्यांतली एक आता विरारला पार्लर चालवते आणि नाताळला आमच्या आज्यांसाठी चादरी पाठवते.

आणि इथेच माझा पहिला मोठा धक्का. मला नर्सिंग करायचं होतं. सगळ्यांना माहीत होतं, मी अर्जातही लिहिलं होतं. प्रोव्हिन्शिअल, म्हणजे आमच्या प्रांताच्या प्रमुख, सिस्टरनी बोलावून सांगितलं, "डी.एड.ला जा. शाळेत शिक्षिका हव्यात." कारण दिलं, विचारलंही की जड वाटतंय का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "प्रार्थना कर." मी प्रार्थना केली आणि डी.एड.ला गेले. यात काही उदात्त नव्हतं. जाताना मनात हाच विचार होता, की यांना माझी गरज आहे की एका शिक्षिकेच्या जागेची?

शाळेत मी बरीच वर्षं काढली, वसईच्याच पट्ट्यात. चौथीचा वर्ग, मराठी आणि गणित. नको नको म्हणत गेले आणि अडकले. गुणाकार न येणारा मुलगा एक दिवस अचानक पाढा म्हणतो, तेव्हा बाईला होणारा आनंद सिस्टरलाही तेवढाच होतो.

शाळा अनुदानित, म्हणजे पगार सरकारी. तो माझ्या नावे बँकेत यायचा आणि तिथून संस्थेकडे जायचा. व्रतानंतर श्रमातून जे मिळतं ते संस्थेचं, पेन्शनसुद्धा. मला महिन्याच्या खर्चाला थोडे पैसे मिळत, त्याचाही हिशेब वहीत. या पगारावर कर लागावा की नाही, यावर देशात मोठा वाद झाला. तामिळनाडू-केरळकडची प्रकरणं वर्षानुवर्षं चालली आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादरांच्या पगारातून कर कापला जाईल. आमच्यात यावर दोन्ही मतं आहेत. माझं विचाराल तर निकाल बरोबर आहे. पगार माझ्या नावाने निघतो, मी तो पुढे कोणाला देते हा माझा आणि देवाचा प्रश्न, आयकर खात्याचा नाही.

शेवटची व्रतं, कायमची. त्याआधी मृत्युपत्र करावं लागतं, आणि ते देशाच्या कायद्यातही टिकणारं हवं. मी आणि माझ्याबरोबरची सिस्टर वसईत एका वकिलांकडे गेलो. त्यांनी आमच्याकडे बघितलं, वयाकडे बघितलं, आणि काळजीने विचारलं, "काही आजार वगैरे?" नाही म्हटल्यावर आणखी गोंधळले. वाडीतला माझा हिस्सा भावाच्या मुलांना, हे लिहून सही करताना वडील शेजारी बसले होते. त्या दिवशी त्यांना बहुधा पहिल्यांदा पटलं की मी परत येणार नाही. बाहेर येऊन त्यांनी उसाचा रस पाजला.

विधी मोठा असतो. आपण हाताने लिहिलेलं व्रतपत्र वाचायचं आणि वेदीवर ठेवून सही करायची. त्याआधी संतांची लितानी, म्हणजे एकेका संताचं नाव घेऊन केलेली प्रार्थना, गायली जाते आणि आपण जमिनीवर पालथं पडून राहायचं. माझ्या नाकाला फिनेलचा वास येत होता आणि मी विचार करत होते की आईच्या गुडघ्यांना एवढा वेळ उभं राहणं झेपेल का. नंतर आमच्या गावच्या देवळात पत्र जातं आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, माझ्या नावासमोर, कायमच्या व्रतांची नोंद होते. लग्न झालेल्यांच्या लग्नाची नोंदही तिथेच होते. माझ्या मागच्यापुढच्या नावांसमोर नवऱ्यांची नावं आहेत.

आणि मग बदली. मे महिन्यात पत्र यायचं, आता ईमेल येतो. मला वाटलं होतं शाळेतून शाळेत जाईन. पत्रात लिहिलं होतं: वृद्धाश्रम, सिंधुदुर्ग. ज्या कामासाठी मी घर सोडलं होतं तेच काम, आणि मला ते आता नको होतं. माझा चौथीचा वर्ग हवा होता. चॅपेलमध्ये बसून मी देवाला म्हटलं, तुझं टायमिंग फार वाईट आहे. बॅग भरली, तुतारी एक्सप्रेस पकडली.

इथली कम्युनिटी पाच जणींची. दोन नर्स, एक स्वयंपाक आणि भांडार बघणारी, एक वयस्क, आणि मी हिशेब, कागदपत्रं, नातेवाईक आणि हाताला लागेल ते. नर्सिंग मी कधी शिकलेच नाही. या दोघींनी हाताला धरून शिकवलं. त्यांतली मोठी पूर्वी दोडामार्गकडे होती. 2016 साली तिकडे माकडताप पसरला तेव्हा ती आशाताईंबरोबर काजूच्या बागांतून फिरली, गोचीड अंगावर चढू नये म्हणून आरोग्य खात्याने दिलेलं तेल लावायला लोकांना समजावत. लोक म्हणायचे वास येतो. ती म्हणायची, तापाला तर वासही येत नाही.

वयस्क सिस्टरशी माझं पहिल्या आठवड्यापासून बिनसलं. त्या प्रत्येकीच्या मागे जाऊन दिवे बंद करतात. पंखा दोनवर असला की एकवर आणतात. चपात्या मोजतात. मी एकदा खोलीत असताना त्यांनी दिवा बंद केला. मी बोलले, त्याही बोलल्या, आणि पुढे बरेच दिवस आमचं संभाषण "मीठ द्या" एवढ्यावर आलं. गंमत अशी, की या काळात आम्ही दोघी रोज सकाळी समोरासमोरच्या बाकावर बसून आळीपाळीने स्तोत्राची कडवी म्हणत होतो. तिचं कडवं संपलं की माझं. ते टाळता येत नाही. रोज सकाळी त्या बाईला ऐकावंच लागतं, आणि तिने कुठे श्वास घेतला ते बघून आपलं कडवं उचलावं लागतं. माझ्या मते आमच्या प्रार्थनेचा निम्मा उपयोग हाच आहे.

आश्रमात बहुतेक आज्या हिंदू, दोन-तीन ख्रिस्ती. मुलं मुंबईला, ठाण्याला, काही दुबईला. वाईट मुलं नाहीत, हे मुद्दाम सांगते. दोन खोल्यांच्या घरात, दोघं कामाला, अंथरुणावरची आई कुठे ठेवणार? गणपतीला काही जणींना घरी नेतात. चाकरमानी गावचं घर उघडतात, आजी मखरासमोर बसते, गौरी-गणपती पोचवले की परत आणून सोडतात. त्या आठवड्यात त्या कोणाशी बोलत नाहीत. आम्हीही बोलायला लावत नाही. पेज नेऊन ठेवायची, वर थोडं लोणचं.

काम म्हणजे काय, तर दर दोन तासांनी कूस बदलणं. रात्रीसुद्धा. हवेची गादी असली तरी. पाठ कोरडी ठेवणं, टाचांखाली मऊ कापड, लघवीचा रंग बघणं, गिळता येतंय का बघूनच भरवणं. पावसाळ्यात वीज गेली की हवेच्या गाद्यांचे पंप बंद पडतात आणि सगळ्यांना हाताने वळवत राहावं लागतं. अशाच एका रात्री मी टॉर्च तोंडात धरून एका जड आजीला वळवायला धडपडत होते. मागून दोन हात आले आणि चादर धरली. त्या वयस्क सिस्टर. "एक, दोन, तीन," म्हणाल्या, आम्ही वळवलं, आणि पहाटेपर्यंत त्या माझ्याबरोबर खाटेखाटेवरून फिरल्या. सत्तरीच्या पुढे वय आहे. सकाळी नाश्त्याला त्यांनी माझ्या खोलीचा दिवा रात्रभर चालू होता असं सगळ्यांसमोर सांगितलं. वीज तर नव्हती, पण पहाटे आली होती म्हणे.

संध्याकाळी सातला आमची प्रार्थना. त्याच वेळी मोठ्या खोलीत एक आजी रामरक्षा सुरू करते आणि बाकीच्या मागून म्हणतात. भिंत पातळ आहे. सुरुवातीला मी आमची वेळ बदलू या असं सुचवलं होतं. कोणी तयार झालं नाही, आज्याही नाहीत.

धर्मांतराचा प्रश्न विचारला जातो. न विचारता मनात ठेवण्यापेक्षा विचारलेला बरा. उत्तर कामातच आहे. आमच्याकडे दारातल्या कुंडीत तुळस आहे, ती वयस्क सिस्टरच पाणी घालून वाढवतात. शेवट जवळ आला की मुलांना फोन जातो, पण मुंबई लांब आहे आणि कोकण रेल्वे पावसाळ्याच्या वेळापत्रकावर असते. मुलगा पोचत नाही. मग आम्हीच तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घालतो, ती आजी जे नाव घेत आली ते नाव कानात घेतो. ख्रिस्ती आजी असेल तर फादरांना बोलावून अभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार. मागच्या वर्षी एक आजी गेली, तिचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने एकच विचारलं, पाणी मिळालं होतं का? हो म्हटल्यावर तो तिथेच पायरीवर बसला. रामरक्षा म्हणणाऱ्या आजीने त्याला चहा घ्यायला लावला.

पैशाबद्दलही थोडं. परदेशातून ट्रक भरून पैसा येतो असं मानणाऱ्यांसाठी: परदेशी देणगीचा कायदा 2020 साली आणखी कडक झाला. तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेतल्या खात्यात यावा लागतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. पै-पैचा हिशेब. आमचं छोटं घर त्यावर चालत नाही. ज्यांना जमतं ते नातेवाईक देतात, शाळेतल्या सिस्टरांचे पगार संस्थेतून इकडे वळतात, गावचे लोक नारळ आणि तांदूळ देतात. रापणीला चांगली मासळी लागली तर टोपलीभर बांगडे दारात येतात. सगळ्यात मोठा खर्च डायपरचा, त्यानंतर विजेचा. चपात्या मोजणाऱ्या बाईचं म्हणणं मला हिशेबाची वही हातात आल्यावर थोडं समजायला लागलं. पंख्याचं अजून नाही.

मुली आता कमी येतात. वसईत घरटी एक-दोनच मुलं, ती शिकून बाहेर जातात, आणि त्यात वाईट काही नाही. पूर्वी एका धर्मग्रामातून तीन-तीन मुली निघायच्या. आमच्या प्रांतात सत्तरीच्या पुढच्या सिस्टर तरुणांपेक्षा जास्त आहेत. म्हणजे थोड्या वर्षांनी आम्हालाच कूस बदलणारं कोणी लागेल.

या उन्हाळ्यात शिबिराला मदत करायला मला वसईला बोलावलं होतं. मुली हुशार आहेत, आमच्यापेक्षा धीट. मोबाइल किती वेळ मिळतो, स्वतःचा कोर्स स्वतः निवडता येतो का, आई आजारी पडली तर जाता येतं का. साबण मागावा लागतो का, हेही एकीने विचारलं. आता नाही लागत. एक अकरावीतली मुलगी शेवटी थांबली होती. म्हणाली, "सिस्टर, आत आल्यावर नको वाटलं तर?"

मी तिला सगळं सांगितलं. नॉव्हिशिएटमधून कधीही निघता येतं. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की निघता येतं. कायमच्या व्रतांनंतर अर्ज करावा लागतो. काही संस्थांत तो बिशपांकडे जातो, आमच्यासारख्यांचा रोमला. विरारच्या मैत्रिणीबद्दल सांगितलं. मग तिने विचारलं की तुम्हाला कधी जावंसं वाटलं का. म्हटलं, डी.एड.ला पाठवलं तेव्हा, आणि शाळेतून काढलं तेव्हा. ती हसली. तिला नर्सिंग करायचंय.

नर्सिंगला पाठवतीलच असं मी तिला सांगितलं नाही. पुढच्या शिबिराची तारीख दिली, आणि तोवर बारावीचं जीवशास्त्र नीट कर म्हटलं.